हात दाखवला की थांबायचं

आर्नेसाहेबांच्या मुलखात म्हणे हिवाळ्यात डोंगरातल्या रस्त्यावर कुणी उभं दिसलं आणि गाडीवाला न थांबता तसाच पुढे गेला, तर त्याला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. बर्फात उभा असलेला माणूस जिवानिशी जाऊ शकतो, म्हणून थांबायचं. कोण, कुठला, कशासाठी हे नंतर विचारायचं, आधी आत घ्यायचं. रिवाज चांगलाच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तो त्यांनी नॉर्वेहून उचलून जसाच्या तसा आमच्या मुंबई-आग्रा रस्त्यावर आणला. आमच्याकडे रस्त्यावर उभा असलेला प्रत्येक माणूस येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवतोच. थांबली तर थांबली, नाहीतर आपली एस.टी. आहेच. आर्नेसाहेबांना मात्र प्रत्येक हात म्हणजे संकटात सापडलेला जीव वाटायचा, आणि ते करकचून ब्रेक मारायचे.

साहेबांचं कुटुंब आमच्या शेजारी राहायला आलं तेव्हा अंबडला नवे कारखाने उभे राहत होते. माझे वडील, अण्णा, त्यातल्याच एका कारखान्यात फिटर होते. तिथं परदेशातून यंत्रं आली आणि ती बसवायला यंत्रांच्या मागोमाग हे साहेब आले. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी एक नवाकोरा बंगला रिकामा पडला होता, तो त्यांना मिळाला. बंगल्याची मागची भिंत आणि आमची मोरी यांच्यामध्ये एक पेरूचं झाड, एवढंच अंतर. साहेबांच्या बायकोचं नाव सिग्रिड. वसाहतीनं दोन दिवसांत तिची शेगडीबाई करून टाकली आणि ती त्या नावाला आनंदानं ओ देऊ लागली. त्यांची एकुलती एक मुलगी लीव, माझ्याहून थोडी लहान, पिवळ्याधमक वेण्यांची. पोरगी दिवसभर आमच्यात लगोरी खेळायची, त्यामुळे सहा महिन्यांत मराठी बोलायला लागली, पण कसली मराठी, तर आमच्या गल्लीची. आई तिला भाकरीवर ठेचा वाढायची आणि ती डोळ्यांतून पाणी काढत म्हणायची, "लय भारी हे, मावशी, अजून द्या."

रविवारचा दिवस मला वासावरून आठवतो. सकाळी अण्णा रेडिओ लावून दाढी करायचे, मागं बुद्धवंदनेची कॅसेट कुणाच्या तरी घरी चालू असायची, आई चुलीवर वांगी भाजायला टाकायची. तेवढ्यात भिंतीवरून शेगडीबाईचं डोकं वर यायचं. त्यांच्याकडे उकडलेल्या बटाट्याची कागदासारखी पातळ पोळी करतात आणि लोणी-साखर लावून तिची गुंडाळी करतात. ती पहिल्यांदा चाखून आई म्हणाली, "ही तर उपासाची पोळी झाली, आणि आपल्याकडे उपास कोण करतंय." तरी ती दर रविवारी चार गुंडाळ्या मागून घ्यायची आणि बदल्यात भरताचा वाडगा भिंतीवरून पलीकडे जायचा. वाडगा रिकामा परत करायचा नाही हे बाईला कुणीतरी शिकवलं होतं, आणि आईलाही ते लहानपणापासून ठाऊक होतं. त्यामुळे तो एक वाडगा वर्षभर या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरत राहिला आणि शेवटी कुणाचा होता ते दोघींनाही आठवेना.

जेवणं आटोपली की कारखान्याची जीप निघायची. कधी त्र्यंबकच्या बाजूला, कधी घोटीकडे, कधी नुसतंच जिथं रस्ता नेईल तिथं. साहेबांना देश बघायचा होता, आणि देशाशी बोलायला दुभाषी म्हणून मला सोबत घ्यायचे, कारण माझं इंग्रजी शाळेत पहिल्या नंबरचं होतं. (आज माझी नातवंडं माझ्या इंग्रजीला हसतात. हसू देत. त्या इंग्रजीवर मी जीपभर माणसं फिरवली आहेत.) निघताना जीपमध्ये आम्ही चौघं असायचो आणि परत येताना किती असायचो ते सांगता येणार नाही. देवळाली कॅम्पात एक जवान भेटला. रजेवर निघाला होता, त्याची लोखंडी ट्रंक टपावर चढवली. सिन्नरच्या वाटेवर लग्नाला निघालेला आख्खा बँड चढला, आणि ढोलवाला आत मावेना म्हणून त्यानं मागच्या फळकुटावर बसून ढोल बडवत गावात प्रवेश केला. मखमलाबादच्या फुलवाल्या माळीणबाई उतरताना बाईच्या गळ्यात झेंडूची माळ घालून गेल्या. साहेब प्रत्येकाशी हात मिळवायचे, थर्मासातली काळी कडू कॉफी पुढे करायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "जयभीम."

त्याचं असं झालं होतं की नाशकात ते प्रथम उतरले ते आमच्या वसाहतीत, आणि तिथं सकाळ-संध्याकाळ सगळे एकमेकांना जयभीम घालतात. मग मराठीत नमस्काराला हाच शब्द, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि नाशिक जिल्ह्यात जो भेटेल त्याला ठणठणीत जयभीम घालत सुटले. बागायतदाराला घातला, कॅम्पातल्या सुभेदाराला घातला, एकदा एका मठाच्या महाराजांनाही घातला. महाराजांनी आजूबाजूला बघत हळूच मान हलवली. जीपमध्ये बसलेले लोक आधी आमचं आडनाव विचारायचे, मग गाव विचारायचे आणि उत्तर ऐकून कुणाकुणाचा चेहरा जरा आखडायचा. माणूस अंग चोरून सरकायला बघायचा. पण त्या जीपमध्ये सरकायला जागाच नसायची. उलट वळणावर तो आमच्याच मांडीवर येऊन पडायचा आणि मग कॉफी पिऊन, पेरू खाऊन, हसून उतरायचा. एवढं हसलेलं मला नंतर आयुष्यात क्वचितच आठवतं.

आता ताईचं सांगते, कारण हे प्रकरण खरं तर तिचंच आहे. माझी मोठी बहीण सुजाता डी.एड. झाली होती आणि त्या दिवाळीनंतर तिला शिक्षिकेची नेमणूक आली. गाव चांदवडच्या पुढे, मनमाडच्या वाटेवर जरा आडबाजूला. आमच्या घरात नोकरी करणारी ती पहिली बाई. ऑर्डर आली त्या दिवशी अण्णांनी पेढे वाटले. आणि पेढ्यांचा कागद टाकून द्यायच्या आतच स्थळ आलं. मुलगा मनमाडला रेल्वेत, नाव मिलिंद, घरी फक्त आई. वसाहतीत जो तो म्हणू लागला की रेल्वेतला मुलगा काय रोज सापडतो. अण्णा भले गृहस्थ, पण कुणाला नाही म्हणणं त्यांच्या तोंडून निघायचं नाही. मुलाकडच्यांनी नोकरी सोडायला सांगितली तर अण्णा मान डोलावतील हे ताईला पुरतं ठाऊक होतं. बघायचा कार्यक्रम पंधरवड्यानं ठरला होता. "मला लग्न नको असं नाही गं वंदू," ती अंथरुणात पडल्या पडल्या मला म्हणायची, "पण मी अजून एकदासुद्धा वर्गात उभी राहिले नाही. एकदाही उभी न राहता बसायचं का?" मला तिचं इतकं वाईट वाटायचं की झोप यायची नाही.

सोमवारी ती शाळेत हजर होणार होती. अण्णा रजा काढून पहाटेच्या एस.टी.नं तिला सोडायला जाणार होते. आदल्या दिवशी, रविवारी, तिचं सामान खोलीवर टाकून यायचं काम साहेबांनी आपण होऊन अंगावर घेतलं. जीपमध्ये वळकटी, स्टोव्ह, पाण्याची कळशी आणि आम्ही. खोली पाहिली तर भिंती धुरानं काळ्या. शेगडीबाईनं बाजारातून चुना आणवला, कमरेला पदर खोचावा तसा झगा खोचला आणि रंगवायला सुरुवात केली. तिच्या देशात नव्या घरात शिरण्याआधी शेजारी येऊन भिंती रंगवून देतात म्हणे. दोन तासांत खोली लख्ख झाली आणि ताईच्या साडीचं पोतेरं झालं. मग बाईनं आपल्या पिशवीतला लांब फुलाफुलांचा झगा तिला घालायला दिला, उन्हासाठी गवती टोपी दिली, आणि धुळीसाठी काळा गॉगल. ताईनं आरशात पाहिलं आणि ती खोलीच्या मधोमध बसून पोट धरून हसली.

परत निघालो तर गावाबाहेरच एक म्हातारा बोकड घेऊन उभा. त्यानं हात दाखवला. ते दोघं मागं चढले. चांदवडच्या फाट्यावर आलो तर तिथं आणखी तिघं: एक जाडजूड नऊवारीतली बाई, हातात छत्री घेतलेले एक गृहस्थ आणि एक उंच, लाजरा तरुण. बाईनं हात दाखवला नाही, ती सरळ रस्त्याच्या मध्यात येऊन उभी राहिली. साहेबांचा चेहरा उजळला. एवढं संकटात सापडलेलं माणूस त्यांना बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

"नाशिकला सोडता का, साहेब?" छत्रीवाल्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "जयभीम." बाई जागच्या जागी थबकली. "अरे, हे तर आपल्यातलेच निघाले," ती म्हणाली आणि आनंदानं आत शिरली. ती ताईसमोरच्या फळीवर बसली. तरुणाला जागा उरली ती मागं बोकडाशेजारी, आणि बोकड लगेच त्याच्या मांडीवर पुढचे पाय ठेवून उभा राहिला. बाईनं ओच्यातून पेरू काढले, सगळ्यांना वाटले, बोकडालाही एक दिला. मी विचारलं, "कुणाकडे निघालात?"

"मनमाडचे आम्ही. हा माझा भाऊ, चांदवडला असतो, त्याच्याकडं आलो व्हतो. तर म्हटलं आलोच हाय तर नाशिकची पोरगी बघून येऊ. गायकवाड फिटरची. वळखती का तू?"

गायकवाड फिटर म्हणजे माझे अण्णा. माझ्या घशात पेरू अडकला. ताईनं माझ्या पायावर पाय ठेवला आणि तो इतका दाबला की मी ओरडायचीच राहिले. "नाही," मी म्हणाले. "मी साहेबांकडे कामाला असते."

"त्यांना सांगितलंय का तुम्ही येताय ते?" मी धीर करून विचारलं.

"खुळी का काय. सांगितलं तर घर झाडून ठिवतील, पोरगीला पावडर लावतील. न सांगता गेलं का खरं दिसतं. मी बाजारातून मेथी आणायची तरी जुडी उलटी करून बघते." मग तिनं ताईकडे नीट पाहिलं. ताई टोपी आणि गॉगल लावून ताठ बसली होती आणि पेरू खायच्या निमित्तानं तोंड हातानं झाकून घेत होती. "ही पण त्यांच्यातलीच का?"

"हो," मी म्हणाले. "लांबची आहे."

"जरा सावळी हाय."

"त्यांच्यातबी असतात तशा," छत्रीवाले मामा जाणतेपणानं म्हणाले.

लीव पुढच्या सीटवर गुदमरून लाल झाली होती. मी तिच्या वेणीला हिसका दिला आणि डोळ्यांनी विनवलं. ही पोरगी एक मराठी शब्द बोलली असती तर खेळ खलास होता. पण शहाणी निघाली. तिनं तोंडात अख्खा पेरू कोंबला.

बाई मोकळेपणानं बोलत राहिली. समोर गोऱ्या मडमा, त्यांना काय कळतंय. पोरगी शिकलेली आहे म्हणे, वागायला चांगली आहे म्हणे, रंगानं बेताची आहे म्हणे. "पण नोकरीचं खूळ हाय तिच्या डोक्यात," ती म्हणाली. "ते आज बापाकडूनच मोडून घेते. लग्नाआधी सोडायची म्हणजे सोडायची. भला माणूस हाय म्हणतात, नाय म्हणायचा नाय." मागून बोकडाच्या पलीकडून आवाज आला, "आई, तिला विचारू तरी." बाई मागं न बघता म्हणाली, "तू बोकड सांभाळ." बोकडानं तोपर्यंत त्याच्या शर्टाची कॉलर खायला घेतली होती. भाऊजी ती कॉलर अजून सांगतात. हो, पुढे ते माझे भाऊजी झाले, आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. लग्नाचं अडणार नव्हतंच. अडलं होतं ते शाळेचं, आणि ते जीपमध्ये बसून ताईच्या डोळ्यांदेखत मोडायला निघालं होतं. गॉगलखालून तिच्या गालावर एक थेंब ओघळला. चुन्यातून वाट काढत तो हनुवटीपर्यंत आला. बाईनं तो पाहिला आणि तिला वाटलं, धुळीनं डोळे चुरचुरत असतील. तिनं आपल्या पदराचं टोक ओलं करून परक्या मुलखातल्या त्या मडमेचा गाल पुसला. मला त्या क्षणी तिचा रागही आला आणि ती आवडलीही.

बोकड पिंपळगावला उतरला. वसाहतीच्या तोंडाशी मनमाडच्या बाईंनी जीप थांबवायला लावली. एकदम दारात जायचं नाही, टपरीवर चहा घेऊ, मग चालत जाऊ, अंदाज घेत. साहेबांशी हात मिळवून तिघं उतरले. जीप बंगल्याच्या आवारात शिरते न शिरते तोच ताईनं उडी मारली, झगा वर धरला आणि पेरूच्या झाडाजवळून भिंत ओलांडली. मी तिच्या मागं.

घरात जे चाललं होतं ते बघून मला रडू कोसळायचं बाकी राहिलं. आईनं वर्षाचा काळा मसाला करायला घेतला होता. कढईत मिरच्या भाजल्या जात होत्या, घरभर ठसका आणणारी खाट, आणि अण्णा पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, नाकाला फडकं बांधून, सायकल उलटी करून बसले होते. मी म्हणाले, "मनमाडचे पाहुणे आलेत."

"आज कसे येतील? पंधरा दिवसांनी आहेत ते," आई म्हणाली आणि शिंकली.

"आम्हीच आणलेत. जीपमधून."

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फुलाफुलांच्या झग्यातल्या ताईकडे पाहिलं आणि काही न विचारता कढई उचलून मागं पळाली. अण्णा लेंग्याच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून पडले. तेवढ्यात दाराशी शिंक ऐकू आली, मग दुसरी, मग मामांची गडगडाटी तिसरी. खरं घर बघायला आलेल्या पाहुण्यांना आमचं घर नाकातोंडातून दिसलं.

कार्यक्रम म्हणाल तर तो शिंकांमध्येच झाला. बाई मला ओळखतील म्हणून मी आतल्या दाराआड लपून बघत होते. मंडळी सतरंजीवर बसली, डोळे पुसत होती, आणि अण्णा प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे" म्हणत होते. ताई साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन चहा घेऊन आली. बाईंनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी येते का विचारलं. ताईनं खाली बघून उत्तरं दिली. आणि बाई पुढे सरसावून म्हणाल्या, "गायकवाड, एक बोलायचं व्हतं, ते नोकरीचं," तोच मागच्या दारातून ठणठणीत आवाज आला, "जयभीम."

मामा छत्री जीपमध्ये विसरले होते. आर्नेसाहेब विसरलेली वस्तू दिवसभर जवळ ठेवणाऱ्यांतले नव्हते. टपरीवर चौकशी करून ते आमच्या घरापर्यंत पोहोचले होते. मागोमाग नेहमीप्रमाणे शेगडीबाई बटाट्याच्या गुंडाळ्या घेऊन, आणि तिच्या मागं लीव. जीपभर कोंडून ठेवलेली मराठी लीवच्या तोंडून एकदम बाहेर पडली. "अय्या, मावशी, बोकडाबरोबर आलेले ते ह्येच ना? अन् ताई, तू साडी कवा नेसली गं?"

मिलिंद खाल्लेल्या कॉलरवर हात ठेवून बसला होता. बाईंनी कपबशी खाली ठेवली, पुढे वाकून ताईची हनुवटी धरली आणि तोंड बाजूला वळवलं. कानाच्या पाळीमागे चुना तसाच होता. "मघाची सावळी मडम तूच व्हय गं?"

"हो, मावशी," ताई म्हणाली. आणि मग माझी ती ताई, जिनं आजवर अण्णांसमोर आवाज चढवला नव्हता, सरळ बाईंच्या डोळ्यांत बघून बोलली. आवाज चढवला नाहीच, पण थांबलीही नाही. "तुम्ही म्हणालात, न सांगता गेलं की खरं दिसतं. मला तुम्ही तशाच दिसलात. परक्या मडमेचे डोळे पुसलेत ते दिसलं. बोकडालाही पेरू दिलात ते दिसलं. आणि माझी नोकरी मोडून घ्यायला आलात तेही दिसलं. मी उद्या शाळेत हजर होणार आहे. ती सोडायची असेल तर हे जमणार नाही. चहा मात्र घ्या, आलं घातलंय."

"सुजाता," अण्णा म्हणाले. बाईंनी त्यांना हातानंच गप्प केलं. मला वाटलं, आता उठतात आणि जातात. आईनं भिंतीला पाठ टेकली होती. पण बाई उठल्या नाहीत. त्यांनी आपले दोन्ही तळवे पसरून ताईसमोर धरले. ते काळे आणि जाड होते, रेघा बुजलेले.

"हे बघ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "धनी गेल्यावर मनमाडच्या यार्डात कोळशाच्या पाट्या वाहिल्या मी. हा एवढासा व्हता. तवाच ठरवलं का माझी सून कामाला जाणार नाय. बसून खाईल. मला जे मिळालं नाय ते तिला दीन. तुझं वाईट करायला नव्हते आले, पोरी."

ताई रडायला लागली. सरकत पुढे झाली आणि तिनं ते तळवे हातात घेतले. "पण मावशी, मला बसून खायचं नाही. आणि तिथं पाटी डोक्यावर नाही घ्यायची. पोरांच्या हातात द्यायची."

बाईंनी विचारलं, "खुर्ची हाय का तिथं?"

"आहे."

"बाईमाणसाला बसू देतात?"

"देतात. पण मी शिकवताना उभी राहणार."

मिलिंद हसला. बाईंनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, मग त्याही हसल्या आणि त्यातच त्यांना शिंक आली. शिंकून झाल्यावर पदरानं नाक पुसत त्या म्हणाल्या, "मी बघितल्याबिगर काय खरं मानत नाय. मेथीची जुडीबी उलटी करते, तर शाळा का नाय? चल, आताच निघू. आज तुझ्या खोलीवर ऱ्हाते, सकाळी शाळा उघडली का बघते. मास्तरला सांगायचं नाय मी येणार ते."

यावरही अण्णा "बरोबर आहे" म्हणाले. बघायला आलेली माणसं मुलीला त्याच दिवशी घेऊन निघाली, असं कुठं झालंय का? आईनं बापुडवाणेपणानं विचारलं, "लोक काय म्हणतील?" मी भीत भीत दाराआडून बाहेर आले आणि आर्नेसाहेबांना सगळा मजकूर इंग्रजीत सांगितला. त्यांना त्यात अवघड काहीच वाटलं नाही. रस्त्यावर जायची इच्छा असलेली माणसं आहेत, जीप आहे, मग अडलं कुठं. ते किल्ली घेऊन उठलेसुद्धा. शेवटी ठरलं, शेगडीबाई बरोबर जातील, सोबतीला मी खोलीवर राहीन आणि अण्णा ठरल्याप्रमाणे पहाटेच्या एस.टी.नं येतील. आईनं भाकऱ्या बांधल्या, ताज्या काळ्या मसाल्याची पुडी बांधली, आणि ताईच्या केसांवरून दोनदा हात फिरवला.

जीप दारात उभी राहिली तोवर गल्ली भरली होती. पुढे शेगडीबाई, मागं ताई, तिच्या शेजारी बाई, समोर मामा आणि मिलिंद, आणि मागच्या फळकुटावर मी. साहेब सगळ्या गल्लीशी हात मिळवत होते म्हणून गाडी हलत नव्हती. अण्णा उगीच टायर दाबून बघत होते. आजही कधी संध्याकाळी मिरच्या भाजल्याचा वास आला की मी त्या फळकुटावर बसलेली असते आणि हसू की रडू ते मला ठरवता येत नाही.

जीप हलली तेव्हा समोरच्या शांताकाकू आईजवळ येऊन उभ्या राहिल्या. "अहो, नुसतं बघायला आले होते ना? नेलीच का पोरीला?"

"नेली," आई म्हणाली.

"सासरी?"

"शाळेत," आई म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून, मुलगी सासरी निघाल्यावर रडतात तशी मनसोक्त रडली.